सात मिनिटं

बर्डी ते बेसा : अठ्ठेचाळीस मिनिटं.
नंदनवार साहेबांनी पेन्सिलनं खोडून
एक्केचाळीस केलं
आणि कागद माझ्याकडे सरकवला, पेपरवेटसकट,
कारण मे महिन्यात आमच्या डेपोतला कूलर
कुठलाही निर्णय टेबलावर टिकू देत नाही.
"उईकेताई, सोमवारपासून."

मी हो म्हणाले.
सतरा वर्षं तिकिटं फाडली,
तीन वर्षं झाली या टेबलाला,
'हो' माझ्याजवळ सुट्ट्या पैशासारखं
कायम मुठीत असतं.

सुट्टीत डबा उघडला नाही.
आधी मनातल्या मनात भांडून घेतलं, घरच्या बोलीत :
काहून जी साहेब,
तुमाले का ठाऊक मेडिकलच्या चौकात
बस किती वेळ उभी रायते?
बसले का कधी बारा वाजताच्या फेरीत?

मग ते सगळं पुसलं.
माणूस वाईट नाही.
एकतीस वर्षांचा, सगळ्यांच्या आधी येतो,
दिवसाला दोन फेऱ्या वाढल्या तर हा मार्ग वाचेल
हे त्याचं गणित मी दोनदा करून पाहिलं,
दोन्ही वेळा बरोबर आलं.
चुकीच्या माणसाशी भांडणं सोपं.
बरोबर गणिताशी कसं भांडायचं
हे कुठल्याच परिपत्रकात येत नाही.

अडीच वाजता आत गेले.
"साहेब, बसू का?"
एवढं विचारायला मला वीस वर्षं लागली.

"तुमचा हिशोब बरोबर आहे," आधी हे म्हटलं,
लोणी म्हणून नाही, खरं होतं म्हणून.
मग म्हटलं, "पण."
आपल्या भाषेत पण म्हणजे पैजसुद्धा,
उच्चारला की काहीतरी पणाला लागतंच :
पुढचा रजेचा अर्ज,
निदान सकाळची ती हसून केलेली चौकशी.

"पण साहेब, ती सात मिनिटं रिकामी नाहीत.
दोन जातात मेडिकलसमोर.
उमरेडहून, सावनेरहून आलेली माणसं,
एक्स-रेचं पाकीट वाकू नये म्हणून
छातीशी उभं धरतात,
दांडा धरायला हात एकच उरतो.
एक तुकडोजी पुतळ्याच्या सिग्नलला.
उरलेली चार दशरथ मेश्रामची.
शेचाळीस डिग्रीत इंजिनाशेजारी बसतो तो.
बेस्याला उतरून नळाखाली दुपट्टा भिजवतो,
पिळतो, डोक्याला बांधतो, परत फिरतो.
तेवढीच त्याची विश्रांती."

आवाज वाढेल असं वाटलं तेव्हा
पेपरवेटमधलं निळं फूल बघत बसले.
काचेत आहे बिचारं, त्याला काय ऊन नि काय कूलर.

साहेब म्हणाले, "हे आकड्यांत कुठे आहे?"
"नाही," म्हटलं.
"आम्ही ते कधी लिहिलंच नाही. चूक आमची."

मग बराच वेळ कूलरच बोलला.
शेवटी साहेब : "लेखी द्या."
हे शिक्षा म्हणून की किंमत म्हणून,
चेहऱ्यावरून कळलं नाही.

दिलं. उपरोक्त विषयास अनुसरून,
सविनय, महोदय, सगळं जागच्या जागी.
फक्त एका ओळीत 'बस उभी रायते' राहून गेलं.
दिसलं होतं मला. खोडलं नाही.

पाच वाजता कागद परत आला :
दुपारच्या फेऱ्या, पंचेचाळीस, जूनअखेरपर्यंत.
'रायते'च्या खाली पेन्सिलची बारीक रेघ,
पण दुरुस्ती नाही.

फाटकाशी मेश्रामला गाठून सांगितलं.
त्यानं बोटांवर मोजलं :
"म्हंजे दुपट्टा ओला होईन, ताई.
पिळाले वेळ नाही भेटन."

घरी जाण्याआधी वर गेले परत,
कॅलेंडरचं पान उलटलं
आणि एक जुलैभोवती गोल केला,
पेनानं.